तीन पिनांची पहिली वस्तू

कॉम्प्युटरचा प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवून वरची कडी दाबली की कर्र असा आवाज होतो. तो तसाच व्हायला हवा, असं सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने मला दोनदा सांगितलं होतं, आणि मोबाइलवर पाहिलेल्या प्रत्येक व्हिडिओतल्या माणसानेही सांगितलं होतं. तरी तो आवाज आमच्या घरात, माझ्या हाताखाली झाला तेव्हा मी थबकले. मी कडी अर्ध्यावर धरून बसले. दाबावी तर मोडेल, सोडावी तर उसळून काहीतरी तुटेल. आई दारात उभी होती. ती म्हणाली की भाताच्या गिरणीचा पट्टा चढवताना पण असाच आवाज होतो, दाब. मी डोळे मिटून दाबली.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल गैरसमज नको. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो लहानपणापासून पास काढून हिंडतो आहे. गॅसचा वास, कुकरची शिट्टी, घाटातली एसटी, सगळ्याची भीती, आणि विजेची सगळ्यात जास्त. दिव्याचं बटण मी अजूनही बोटाच्या टोकाने दाबते आणि हात पटकन मागे घेते. अशा बाईने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडायचा घाट घातला तो हौसेने नाही. आईमुळे घातला.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, शहापूर आणि मुरबाड यांच्या मधे कुठेतरी. वडील जाऊन तीन वर्षं झाली. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही. मुरबाडला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि आता वाशिंदला एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. आठवडाभर तिथे भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचं. मधले दिवस आई एकटी असते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तिच्या हाताला झिणझिण्या यायला लागल्या. पावसाळ्यात कमी झाल्या, पुढच्या उन्हाळ्यात परत सुरू झाल्या. मी तिला शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आईकडे बघून विचारलं, काय होतं? आईने तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. हातांना मुंग्या येतात, वस्तू सुटतात, वय अठ्ठावन्न, रात्री झोप बरी लागते. ती माझी सवयच. बँकेत, तहसीलदार ऑफिसात, दवाखान्यात आईचं सगळं बोलणं मीच बोलते, आणि आई पिशवी मांडीवर धरून बसते. रक्त तपासलं, साखर निघाली नाही. नसांच्या गोळ्या दिल्या. त्या तिने इमानाने घेतल्या आणि फरक काही पडला नाही.

मग ती विचित्र वागायला लागली. मागच्या दारी आमची मोरी आहे आणि तिथे लोखंडी पाइपाला एक नळ. त्या नळाच्या फिरवायच्या कॉकला तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. भांडी घासायला बसताना खाली लाकडी पाट घ्यायला लागली. पाटावर बसलं का येत नाय, असं म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे, पण आत खूप घाबरायचे. नात्यातल्या एका म्हातारीचं असंच चिंध्या बांधण्यापासून सुरू झालं होतं आणि शेवटी तिला स्वतःची मुलंही ओळखू येत नव्हती. आईचं डोकं फिरतंय की काय, या विचाराने मी वाशिंदच्या खोलीत जेवण पुढ्यात घेऊन बसून राहायचे. एका रविवारी मोरी घासताना ती काळी पडलेली चिंधी मी ओढून काढली आणि चुलीत घातली. पाट धुऊन माळ्यावर टाकला. घर जरा नीटनेटकं दिसलं की माझी भीती थोडी कमी होते.

मंगळवारी शेजारणीचा फोन आला. आई मोरीत पडली होती. भरलेली कळशी हातातून सुटली आणि ही तोल जाऊन पुढे दगडावर आपटली. कपाळाला तीन टाके पडले.

त्या दिवसापासून मला एकच दिसत होतं. आईला एकटं ठेवायचं नाही. तिला वाशिंदला चल म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत मी काय भिंती चाटत बसू? मग मी साहेबांना विचारलं, घरून काम करू का? साहेब वाईट माणूस नाही, पण व्यवहारी आहे. म्हणाले, स्वतःचं मशीन घे. आपला सगळ्यात मोठा नकाशा त्यावर उघड, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एकदाही बंद न पडता काम करून दाखव, मी इकडून स्क्रीन बघत राहीन. जमलं तर राहा घरी. नाही जमलं तर इथे ये, नाहीतर मला दुसरी मुलगी बघू दे. पुढच्या गुरुवारी ही परीक्षा ठरली. मी सुट्टी टाकून घरी आले.

त्या नकाशाला चालेल असा लॅपटॉप माझ्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून सुटे भाग घेऊन जोडायचं ठरवलं. मुरबाडला स्टँडपासून जरा आत एक दुरुस्तीचं दुकान आहे. मालक पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं असं की गिऱ्हाइकाला आपण परीक्षेला बसलो आहोत असं वाटावं. मी आलेखाच्या कागदावर यादी करून नेली होती. त्याने ती चष्मा लावून वाचली, निम्मी खोडली आणि म्हणाला की ताई, तुम्ही घर बांधताय का कळस चढवताय ते आधी सांगा.

एकेक भाग त्याने काउंटरवर मांडला. प्रोसेसर असा घेतला की चित्र दाखवायचं काम त्याच्या पोटातच होतं, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. मदरबोर्ड साधा. रॅमच्या दोन पट्ट्या, एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान बऱ्या. स्क्रीन जुना, कुणाच्या तरी बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. रंगीत दिव्यांचा, काचेचा कॅबिनेट माझ्या यादीत कसा आला होता कोण जाणे. ते बघून त्याने विचारलं, नवरात्रात गरबा ठेवायचाय का? मी मुकाट्याने काळा पत्र्याचा घेतला.

एका जागी मात्र तो गंभीर झाला. घरातली वीज घेऊन ती सगळ्या भागांना वाटून देणारी पेटी असते, तिला तो एसएमपीएस म्हणतो. यादीत मी सगळ्यात स्वस्त लिहिला होता.

"बाकी कुठेही वाचवा, इथे नाही," तो म्हणाला. "हा गेला तर एकटा जात नाही, ताई. सोबत कोणाला ना कोणाला घेऊन जातो."

ते वाक्य माझ्याबरोबर एसटीत बसून घरी आलं. निघताना त्याने आणखी एक सांगितलं. वायरची तिसरी, जाडी पिन शोभेची नाही. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती त्या पिनेतून जमिनीत जाते, माणसात शिरत नाही. घरात अर्थिंग आहे ना ते बघा.

घरी येऊन बघितलं तर आमच्या घरात तीन पिनांची एकही वस्तू नव्हती. टीव्ही आणि मिक्सर दोन पिनांचे. फ्रिजला तिसरी पिन होती, पण बोर्डला दोनच भोकं होती म्हणून वडिलांनी ती करवतीने कापली होती. इस्त्रीचीही तीच गत. गावात सगळ्यांकडे असंच असतं, तिसरी पिन म्हणजे जणू वस्तूला निघालेलं सहावं बोट. मीटरच्या बोर्डपासून एक हिरवी वायर मात्र खिडकीतून बाहेर गेलेली होती. ती अर्थिंगची, एवढं मला ठाऊक होतं. जमिनीतच जात असणार, म्हणून ती पुढे कुठे जाते ते बघायला मी काही बाहेर गेले नाही. मेन स्विच बंद केला, दोनदा तपासला, शेजारणीला विचारून आणखी एकदा तपासला, आणि नवा तीन भोकांचा बोर्ड लावून त्याला ती वायर जोडली. तोवरच्या आयुष्यातलं ते माझं सगळ्यात धाडसाचं काम होतं. सगळा वेळ पायात रबरी स्लिपर होत्या. घरात, देव्हाऱ्यासमोर चपला घालून फिरते म्हणून आई चिडली, पण मी काढल्या नाहीत. कॉम्प्युटरजवळ जाताना मी त्या पुढेही कधी काढल्या नाहीत.

जोडायला दीड दिवस लागला. प्रोसेसरवर लावायचा लेप तुरीच्या दाण्याएवढा घ्यायचा असतो. मी तीन वेळा पुसून चौथ्यांदा लावला. रॅमची पट्टी खट् वाजेपर्यंत दाबायची असते. ती बसेना, आणि जोर लावायचा धीर होईना. स्क्रू एक जास्तच उरला. तो कुठला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेवटी भिंतीवरच्या बोर्डचं बटण लाकडी उलथण्याने दाबलं, आणि पंखा फिरला. स्क्रीनवर अक्षरं आली. मी जमिनीवर बसले आणि रडले. आईने येऊन बघितलं आणि एवढंच विचारलं, चालतंय ना?

चालत होतं, पण तासभरच. नवं मशीन जोडलं की त्याला आधी दमवून बघायचं असतं. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो, तो लावला की मशीन जिवाच्या आकांताने धावत राहतं आणि कच्चा भाग असेल तर कळतो. मी तो लावून समोर बसले. एक हात बोर्डच्या बटणाजवळ आणि नाक धुराचा वास घेत. तासाभराने स्क्रीन काळा झाला. पंखा थांबला. पुन्हा सुरू केलं, तर वीस मिनिटांत गेलं. मग दीड तास चाललं, आणि मला वाटलं सुटले, तेवढ्यात आईने मागच्या खोलीत मिक्सर लावला आणि मशीन परत गेलं. बल्बही मंद झाला होता. पण बल्ब आमच्याकडे मंदच असतो. व्होल्टेज नाय, असं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

त्यानंतरचे दोन दिवस मला नीट आठवतही नाहीत. दुकानदार फोनवर सांगायचा आणि मी करायचे. एक पट्टी काढा, दुसरी लावा, खाच बदला, नको असलेलं सगळं काढून नुसतं मदरबोर्डवर चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही, हे त्याने मला शंभरदा सांगितलं असेल. मी बदलत गेले आणि मशीन आपल्या मर्जीने जातच राहिलं. दर वेळी स्क्रीन काळा झाला की मला मोरीतला तो दगड दिसायचा. आई गोळी घ्यायला आली की तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघवायचं नाही. गुरुवार जवळ येत होता. सोमवारी दुकानदार म्हणाला की उचला आणि घेऊन या.

कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला आणि एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, मूर्ती हाय का? मी हो म्हटलं, खरं सांगायचं त्राण नव्हतं. त्याने मला खिडकीची जागा मिळवून दिली.

दुकानात तोच प्रोग्रॅम लावला. सकाळी अकरापासून चारपर्यंत मशीन धावलं. एकदाही थांबलं नाही, तापलं नाही, कुरकुरलं नाही. मी स्टुलावर बसून ते कधी बंद पडतंय याची वाट बघत होते. शेवटी दुकानदार हसला. म्हणाला, तुमचं मशीन सासुरवाशीण दिसतंय, माहेरी आलं की सगळं दुखणं पळालं. मग हसू आवरून म्हणाला की दोष घरात बघा.

मला वाटलं, व्होल्टेजबद्दल बोलतोय. व्होल्टेजला मी काय करणार होते?

मंगळवारी सकाळी मी मशीन परत लावलं. दोन दिवस उरले होते. आईने माझा चेहरा बघितला आणि तिच्या हिशेबाने दोष ओळखला. आमच्याकडे नवीन वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. नांगर असो, मोटारसायकल असो, पिठाची चक्की असो. मी मात्र पहिल्या दिवसापासून तंबी दिली होती, याच्याजवळ पाणी नको, तेल नको, कुंकू नको, तू हातच लावू नको. तिने आठवडाभर ऐकलं. त्या सकाळी ती आंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी आली. प्रोग्रॅम चालू होता. मी काही म्हणायच्या आत तिने कुंकवाचं बोट कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवलं.

तिचा हात झटक्याने मागे आला. कुंकू लादीवर सांडलं. मी खुर्चीतून उठले, पण पुढे पाऊल पडेना. ती घाबरली नव्हती. हाताकडे बघत होती, बाजारात कुणी ओळखीचं भेटावं तशी.

"हे तर नळासारखंच करतंय," ती म्हणाली.

मला त्याचा अर्थ लागला नाही. मला एवढंच कळलं की मी पै पै जमवून आईला मारणारं यंत्र घरात आणलं आहे. पिन ओढून काढली. दुकानदाराचा नंबर लावताना तीन वेळा चुकला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही आठवडाभर हात लावताय, तुम्हाला कसा नाही बसला? मी सांगितलं की मी स्लिपर घालते. तो म्हणाला, घरात टेस्टर असेल, आणा. वडिलांचा होता. मग तो म्हणाला, मशीन बाजूला ठेवा, बोर्डचं बटण चालू ठेवा आणि टेस्टर वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात घाला. तिथे दिवा लागायला नको.

मी घातला. टेस्टरच्या मुठीतला दिवा लागला, चांगला नारिंगी.

"ताई, मशीन चांगलं आहे," दुकानदार म्हणाला. "तुमचं घर झटका देतंय. ती हिरवी वायर पुढे कुठे जाते?"

मी खिडकीतून वाकून बघितलं. आठ दिवसांपूर्वीच बघायला हवं होतं. वायर भिंतीवरून खाली गेली होती, कोपऱ्यावरून वळली होती, आणि मोरीतल्या नळाच्या पाइपाला तीन वेढे देऊन बांधलेली होती. आणि त्याच वेळी मला मागच्या दारी पाण्याचा आवाज आला. आई कुंकवाचे हात धुवायला गेली होती.

हाक मारून उपयोग नव्हता, पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेली नसती. तिच्याकडे धावावं असं वाटलं, आणि धावले असते तर ओल्या मोरीत जाऊन तिचा हातच धरला असता. मेन स्विच दारामागे होता. तो मी अख्ख्या पंजाने खाली ओढला. फ्रिज गुरगुरून थांबला. मग मी मागच्या दारी गेले. आई मोरीच्या काठावर बसली होती आणि नळ तिने हाताला पदर गुंडाळून सोडला होता.

"लाइट गेली का?" तिने विचारलं.

दुपारी वायरमन काका आले. गावातलं सगळं विजेचं काम तेच करतात. पाइपावरचे वेढे बघून ते खाली बसले, कारण बांधणी त्यांचीच होती. आणि बांधायला लावणारी मी होते. वडिलांच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी वादळात फांदी पडून आमच्या घरात येणारी केबल अर्धी तुटली होती. वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. परत जाणारी तार तुटली होती. लाइनमन मिळेना. दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस माणसं जेवायला येणार, टाकीत पाणी नाही. अशा वेळी आमच्याकडे सगळे करतात तेच आम्ही केलं. परतीची तार अर्थिंगला जोडायची आणि वीज जमिनीत सोडून द्यायची. याला अर्थिंगवर घेणं म्हणतात. नळाचा पाइप जमिनीत गेलेला, अर्थिंग आधीच तिथे होती. काका तेव्हा का-कू करत होते. दोन दिवसांपुरतं ठीक हाय, मग केबल बदलून घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. मीच म्हटलं होतं, काका, आजचं निभवा. ते निभावलं, दिवे लागले, आणि मग चालतंय त्याला हात कोण लावतो?

तीन वर्षं आमच्या घरातला प्रत्येक दिवा, पंखा, फ्रिज, मिक्सर आपली वीज त्या नळाच्या पाइपात सोडत होता. पावसाळ्यात माती ओली असायची, वीज मुरून जायची. उन्हाळ्यात माती सुकली की ती पाइपातच वाट शोधत थांबायची, आणि वाट म्हणजे आई होती. मशीनही त्यामुळेच बंद पडत होतं. मिक्सर किंवा फ्रिज सुरू झाला की मशीनच्या वाट्याला पुरेशी वीज उरत नव्हती. घरात तीन पिनांची पहिली वस्तू मी आणली, आणि अर्थिंगशी जोडलेली म्हणून तिने जे नळ करत होता तेच केलं.

मला काकांना खूप बोलायचं होतं. तोंडाशी आलेलं सगळं माझ्यावरच उलटत होतं. शेवटी आईला एवढंच विचारलं की तू हे मला आधी का नाही सांगितलंस. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"तुला कवापासून सांगतंय मी, नळाला हात लावला का मुंग्या येतात. तूच डॉक्टरला सांगलंस, हाताला येतात."

तिने चिंधी गुंडाळून बघितली होती, मग पाट घेऊन बघितला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलून. तिच्या परीने तिने दोष शोधून काढला होता, आणि मी तो चुलीत घातला होता. मी त्या दुपारी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडले आणि मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

काका स्वतः जाऊन लाइनमनला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. बुधवारी केबल बदलली. मोरीपासून लांब, सीताफळाच्या झाडाखाली खड्डा खणून त्यात पत्रा पुरला, वर मीठ आणि कोळसा घातला, आणि हिरवी वायर पाइपावरून सोडवून तिकडे नेली. टेस्टर मी प्रत्येक भोकात घालून बघितला, मग पाइपाला लावला, मग कॅबिनेटला, मग उगीचच खिडकीच्या गजांना. कुठेच दिवा लागला नाही. संध्याकाळी बल्ब लावला तर खोली इतकी उजळली की आई म्हणाली, भिंती किती काळ्या झाल्यात गो.

गुरुवारी दहाला साहेबांनी तिकडून स्क्रीन जोडून घेतला. मी दिवसभर नकाशा केला. जेवायला उठले नाही. मिक्सर लागला, फ्रिज सुरू झाला, आणि प्रत्येक वेळी मी नकाशा सेव्ह केला. मशीन चालत राहिलं. सहाला साहेब म्हणाले, ठीक आहे, राहा घरी, आणि फोन ठेवला.

मी आईला सांगायला मागच्या दारी गेले. ती हातपंपावरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. दोन दिवस ती तिथूनच पाणी आणत होती, कपाळाची जखम पुरती भरलेली नसताना. मी म्हटलं, आई, नळ आता बरा झालाय, काकांनी बघितलं, मी बघितलं, टेस्टर लावून बघितला.

तिने कळशी खाली ठेवली.

"आधी तू लाव," ती म्हणाली.

मी पुढे झाले, तर तिने माझ्या पायांकडे बोट केलं. मी स्लिपर काढल्या. मोरीचा दगड ओला आणि गार होता. टेस्टरचा दिवा लागत नाही हे मला पाठ होतं, तरी हात पटकन पुढे गेला नाही, आणि पहिल्यांदाच मला कळलं की रोज सकाळी, वर्षानुवर्षं, आई इथे याच दगडावर उभी राहून या नळाकडे हात नेत होती. मी कॉक मुठीत धरला. लोखंड गार लागलं, एवढंच. नळ सोडला. आई नळाकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला, मग सरकवून नळावर नेला आणि तिथे तसाच ठेवला.

मग म्हणाली की माळ्यावरून माझा पाट काढ. मी शिडी लावली, पाट काढला, पुसला आणि नळासमोर ठेवून दिला.